ठिपकेवाली टाकी आणि सरपंचांची खुर्ची

सकाळी गावात पोचले तेव्हा माझे ठिपके गायब होते.

आदल्या दिवशी अख्खी दुपार शिडीवर उभं राहून मी गावच्या लोखंडी पाण्याच्या टाकीवर काळे ठिपके मारले होते. आता टाकी पांढरीफटक होती. तळाशी गेरूचा पट्टा होता. पट्ट्याच्या वर कुणीतरी निळीनं ‘सुस्वागतम्’ लिहिलं होतं. शेजारी सरपंच नामदेवभाऊ हात मागे बांधून उभे होते. लग्नाचा मांडव नीट उभा राहिलाय की नाही हे पाहावं, तसे ते टाकीकडे बघत होते.

“कसं वाटते मॅडम?”

“भाऊ, हे कुणी केलं?”

“गावानं! साहेब लोक येऊन राह्यले म्हटलं. टाकी पाह्यली तं सारी डाग-डाग झालेली. सायंकाळीच चार माणसं लावली न् चुना मारून घेतला.”

“ते डाग नव्हते. ते ठिपके मी मारले होते.”

नामदेवभाऊंनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. “तुम्ही मारले? काऊन?”

त्यांना दोष देता येत नाही. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीत साहेब येणार म्हटलं की चुना निघतो. झाडांचे बुंधे, रस्त्याकडेचे दगड, शाळेचं कुंपण, सगळं पांढरं होतं. जिवतीकडे मी एका बंद पडलेल्या हातपंपाला चुना मारलेला पाहिलाय. पाणी नव्हतं, पण पंप स्वच्छ होता. तपासायला येणाऱ्या माणसाला तपासण्याजोगं काही दिसू नये, इतका आमचा पाहुणचार चांगला.

आता मी ठिपके का मारले होते ते सांगते.

माझं काम मोजणीचं. जमिनीची नाही, वस्तूंची. भार आला की वस्तू किती वाकते, फुगते, ताणली जाते ते आम्ही कॅमेऱ्यांनी मोजतो. हात न लावता. नागपूरची छोटी कंपनी आहे. बॉस बोरकर सर, आम्ही चार जण आणि कॅमेऱ्यांच्या पेट्या. त्याआधी मी पत्रकं लिहायचे. चंद्रपूरच्या वीज केंद्राच्या वसाहतीत, ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये वाढले, कॉलेजात असताना बसच्या वेळांपासून हॉस्टेलच्या पिण्याच्या पाण्यापर्यंत मिळेल त्या विषयावर पत्रक काढलं. पत्रकाची सवय वाईट. त्यात उद्गारचिन्ह आधी सुचतं, वाक्य नंतर. मोजणीचं काम बरोबर उलटं. बोरकर सर माझ्या रिपोर्टमधली उद्गारचिन्हं अजूनही लाल पेननं गोल करून परत पाठवतात.

गावाचं नाव लिहीत नाही. कुरखेड्याहून आत आहे एवढं पुरे. तिथले सरपंच माझा फोन उचलतात, आणि मला ते तसंच ठेवायचं आहे.

तर टाकी. माणसाच्या खांद्याएवढा सिमेंटचा चौथरा आणि त्यावर गोल लोखंडी टाकी, दोन पुरुष उंच. पूर्वेला अंगणवाडी, पश्चिमेला ग्रामपंचायतीचं ऑफिस. अंगणवाडीकडच्या अंगाला टाकी फुगलेली दिसायची. म्हणजे सगळ्यांनाच दिसायची. अंगणवाडी सेविका सुनंदाबाईंनी अर्ज केला. मग स्मरणपत्र दिलं, मग आणखी एक. शेवटी त्यांनी लेकरं उचलली आणि गावाबाहेरच्या मोहाच्या झाडाखाली अंगणवाडी भरवायला सुरुवात केली. टाकी फुटली तर सगळं पाणी पहिल्यांदा अंगणवाडीच्या दारात येणार, हे समजायला इंजिनीअर लागत नाही.

पाणीपुरवठा खात्याच्या इंजिनीअरनं मात्र उत्तर पाठवलं: गोलाकार रचनेमुळे फुगवटा असल्याचा दृष्टिभ्रम होत असावा.

दृष्टिभ्रम! अख्ख्या गावाला, एकाच जागी, रोज. (हे उद्गारचिन्ह मी सरांशी भांडून ठेवलंय.)

वर सुनंदाबाईंना ‘कारणे दाखवा’ नोटीस आली. येत्या सोमवारपासून अंगणवाडी इमारतीत भरली नाही, तर त्यांच्या जागी दुसरी सेविका नेमण्यात येईल. म्हणजे एकतर लेकरं टाकीखाली, नाहीतर सुनंदाबाई घरी.

माझ्या जुन्या चळवळीतल्या मैत्रिणीनं मला हे कळवलं तेव्हा मी चंद्रपूरजवळ एक काम संपवून सामान गाडीत भरत होते. मी सरांना फोन केला.

“सर, वाटेत कुरखेड्याला एक टाकी बघून येते.”

“चंद्रपूरहून नागपूरला येताना कुरखेडा कुठून लागतं?”

“माझ्या रस्त्यात लागतं, सर.”

मग ते म्हणाले, “डेमो म्हणून कर. फुकट. पण एक अट आहे. पत्रक नाही. मापं.”

“हो सर.”

माझ्या पिशवीत तेव्हाच दोनशे पत्रकं होती. वाटेत वडसाला छापून घेतली होती. मथळा: ‘फुगलेली टाकी, झोपलेलं खातं! अंगणवाडीवर पाण्याचा डोंगर!’ पण सरांनी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

मोजणीला परवानगी कशी मिळाली याचं लोकांना नवल वाटतं. ती टाकी बांधणाऱ्या खुद्द ठेकेदारानं मिळवून दिली. राजूभाऊ चंद्रपूरचे. हातात अंगठ्या, खिशात दोन फोन, स्वभाव मोकळाढाकळा. त्यांना कटकट संपवायची होती.

“मॅडम, गोल चीज आहे. गोल चीज फुगलेलीच दिसन ना! चौकोनी सांगतली असती तं चौकोनी बनवून देली असती. लावा तुमची मशीन. एकदाचं होऊन जाऊ द्या.”

ते खात्याच्या जेईंनाही घेऊन येणार होते. जेई म्हणजे ज्युनिअर इंजिनीअर, दृष्टिभ्रमवाले. आणि ते येणार म्हणून चुना.

आता ठिपक्यांचं कारण. कोऱ्या पांढऱ्या भिंतीचे दोन फोटो काढा, एक भिंत हलण्याआधी आणि एक नंतर. दोन्ही सारखेच दिसतील. कॉम्प्युटरला धरायला काही नाही. भिंतीवर वेडेवाकडे ठिपके असतील, तर त्यातला प्रत्येक तुकडा वेगळा दिसतो, माणसाच्या चेहऱ्यासारखा. कॉम्प्युटर तो चेहरा पहिल्या फोटोत बघतो, दुसऱ्यात शोधतो, आणि किती सरकला ते सांगतो. केसाच्या जाडीपेक्षा कमी सरकला तरी सांगतो. ठिपके नाहीत तर मोजणी नाही.

आणि चुन्यावर ठिपके मारून चालत नाही. चुना पत्र्याला धरून राहत नाही, त्याचे पापुद्रे सुटतात. मग आपण टाकी मोजत नाही, चुन्याची नाराजी मोजतो.

“भाऊ, हा चुना काढावा लागेल.”

“आता? साहेब यायचे तं टाकी नागडी?”

“साहेब ठिपके बघायलाच येत आहेत.”

नामदेवभाऊ काहीतरी पुटपुटले, पण माणसं बोलावली. ओली पोती, नारळाच्या शेंड्या आणि बादल्या आल्या. चुना ताजा होता, निघाला. ठिपक्यांआधी मी मारलेला प्रायमरचा पांढरा हात टिकला, पण ठिपके घासून अर्धेमुर्धे पुसले गेले. माझे स्प्रेचे डबे तर आदल्या दिवशीच संपले होते. शाळेत फळा रंगवायचा काळा रंग होता. हा रंग आमच्या कामाला उत्तम, कारण तो चमकत नाही. चमक आली की कॅमेरा आंधळा होतो.

मी सुनंदाबाईंना म्हटलं, ठिपके मारायला मदत लागेल. त्या बचतगटाच्या सात-आठ बायांना घेऊन आल्या. मी एका शिडीवर चढले, दुसऱ्या अंगाला बाया लागल्या. खाली उतरून बघितलं आणि डोक्याला हात लावला. टाकीच्या त्या अंगावर ठिपक्यांच्या सरळ रांगा होत्या. आडव्या, उभ्या, मोजून मारलेल्या. एका कोपऱ्यात तर ठिपके जोडून कमळही सुरू झालं होतं.

“बाई, हे काय?”

“ठिपके,” सुनंदाबाई म्हणाल्या. “एकवीस ते एक. चुकले का?”

“चुकले नाहीत. फार बरोबर आलेत, हीच अडचण आहे. सगळे ठिपके सारखे, सारख्या अंतरावर. कॉम्प्युटरला हा ठिपका कोणता न् शेजारचा कोणता ते कळणार नाही. मला बेशिस्त ठिपके पाहिजेत. कुठेही, कसेही, लहान-मोठे.”

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. हात खराब करून मुद्दाम वाईट काम करा, असं त्यांना जन्मात कुणी सांगितलं नव्हतं. एकीनं प्रयत्न केला. चार ठिपके वाकडे मारले, पाचवा आपोआप रांगेत गेला.

शेवटी मी ओरडले, “रांगोळी नको! सडा टाका! सकाळी अंगणात टाकता तसा!”

“असं सांग ना मंग,” सुनंदाबाई म्हणाल्या. खराटा काळ्या रंगात बुडवला, झटकला. टाकीवर असे सुंदर बेशिस्त ठिपके उमटले, की असे मला नागपूरच्या प्रयोगशाळेत कधी जमले नव्हते. तासाभरात टाकी चितळासारखी दिसायला लागली. आम्ही सगळ्या चितळासारख्या दिसत होतो ते सोडा.

राजूभाऊ आणि जेई साहेब आले तेव्हा मी कॅमेरे लावत होते. आठ कॅमेरे, जोड्याजोड्यांनी. जोडी का? एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून बघा, म्हणजे कळेल. एका डोळ्याला वस्तू पुढे आली की मागे गेली ते सांगता येत नाही. दोन लागतात. आणि चार जोड्या का? कारण टाकी गोल. मडक्याच्या एका बाजूला उभं राहून दुसऱ्या बाजूची भेग दिसत नाही. म्हणून मडक्याभोवती फेर धरून उभं राहायचं. शेजारच्या दोन जोड्यांना मधली थोडी पट्टी दोघींनाही दिसली पाहिजे, म्हणजे चारही चित्रं एकमेकांना शिवून पूर्ण गोल टाकी तयार होते.

राजूभाऊंनी पश्चिमेकडची जोडी बघितली आणि थांबले.

“मॅडम, तक्रार कोणत्या बाजूची?”

“अंगणवाडीच्या.”

“मंग इकडून कशाले मोजता? ही तं उद्घाटनाची बाजू आहे.”

खरंच होती. त्या अंगाला चौथऱ्यावर संगमरवरी पाटी होती आणि वर टाकीचा पत्रा आरशासारखा गुळगुळीत. फीत कापतानाचे सगळे फोटो इथेच निघाले होते. गावात टाकीची सगळ्यात देखणी बाजू कुठली विचारलं, तर कुणीही हीच दाखवली असती.

“गोल वस्तूला बाजू नसतात, राजूभाऊ. एकीकडे दाबलं की दुसरीकडे काहीतरी होतं. सगळीकडून बघावं लागतं.”

“बाजू नसतात कशा? फोटो इकडूनच काढले ना!”

जेई साहेब कंटाळले होते. “लावू द्या हो. कॅमेरेच आहेत, तोफा नाहीत.”

मग कॅमेऱ्यांची आपसात ओळख. त्यासाठी काळ्या गोलांचा एक पांढरा बोर्ड असतो. तो टाकीसमोर तिरका, सरळ, वर, खाली असा धरायचा. कॅमेरे फोटो काढतात आणि त्यावरून आपण एकमेकांपासून किती लांब, किती तिरके उभे आहोत ते ठरवतात. बोर्ड सुनंदाबाईंनी धरला.

राजूभाऊ हसले. “बाई, पोलीस ठाण्यात पाटी धरून उभं करतात, तशाच दिसून राह्यल्या.”

“हो ना भाऊ,” बाई बोर्ड तिरका करत म्हणाल्या. “फक्त माणूस चुकीचा उभा केला.”

रिकाम्या टाकीचे फोटो झाले. आता पाणी भरायचं, टप्प्याटप्प्यानं. प्रत्येक टप्प्याला पंप बंद करायचा, फोटो काढायचे, हिशेब करायचा, मग पुढे. मी सगळ्यांना टाकीपासून लांब जायला सांगितलं. अंगणवाडीच्या बाजूला दोरी बांधून घेतली. पश्चिमेला दोरी बांधायला गेले, तर तिथे पंगत बसलेली.

सकाळची सावली त्याच अंगाला पडत होती. ऑफिसातून प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या होत्या. नामदेवभाऊंची स्वतःची फिरती खुर्ची, पाठीवर पांढरा टॉवेल असलेली, दोघांनी उचलून आणली होती. चौथऱ्याला टेकून, पाटीच्या बरोबर खाली, सरपंच, ठेकेदार आणि जेई, तिघेही बसले होते. चहा चालू होता.

“साहेब, इथून उठा. भरताना टाकीखाली बसू नका.”

“सरकारी टाकी आहे, मॅडम,” जेई म्हणाले.

“तक्रार तिकडची आहे ना? तिकडं बांधा दोरी,” नामदेवभाऊ म्हणाले. “इथी सावली आहे.”

“मी माह्याच टाकीखाली बसून राह्यलो,” राजूभाऊंनी पाय लांब केले. “यापरीस मोठी गॅरंटी कोणती?”

मी दुसऱ्यांदा सांगितलं. ते दुसऱ्यांदा हसले. पुढे गावात एक अफवा पसरली, की मी मुद्दाम त्यांना तिथे बसवलं. साफ खोटं. मी त्यांना दोनदा उठवलं. तिसऱ्यांदा उठवलं नाही, एवढंच.

पहिला टप्पा झाला. लॅपटॉपवर टाकीचं चित्र आलं, सगळं निळं. निळं म्हणजे हललं नाही, लाल म्हणजे सर्वात जास्त हललं. दुसरा टप्पा, टाकी अर्धी. अंगणवाडीकडचं अंग निळंच.

मी पुन्हा हिशेब केला. निळंच.

इथे एक गोष्ट समजून घ्या, मला तिथेच समजली. फुगलेलं असणं वेगळं आणि फुगत जाणं वेगळं. राजूभाऊंचं पोट जेवायच्या आधीही असतं. जेवणानं ते किती वाढलं हे मोजायचं, तर आधीचं पोट वजा करावं लागतं. अंगणवाडीकडचा फुगवटा खराच होता, दृष्टिभ्रम वगैरे काही नव्हता. पण तो टाकी बनवतानाच राहिलेला. पत्रा गोल करताना त्या ठिकाणी कुणाचा तरी हात चुकला होता. बेढब होता, पण जाड होता आणि ठणठणीत होता. पाणी भरल्यावर तो तसूभर हलत नव्हता.

म्हणजे माझं पत्रक खोटं होतं. दोनशे प्रतींत.

जेई साहेब लॅपटॉपपाशी आले, बघून परत गेले. “निळं म्हणजे बरं ना? झालं तर मग.”

“मी काय सांगून राह्यलो होतो!” राजूभाऊंनी आणखी चहा मागवला.

सुनंदाबाई माझ्या मागे उभ्या होत्या. हळू आवाजात म्हणाल्या, “म्हंजे सोमवारी जा लागन का मले? लेकरं घेऊन?”

पत्रकात अशा वेळी ‘लढा सुरूच राहील’ असं लिहितात. समोर माणूस उभा असताना ते तोंडातून निघत नाही. मापं खोटी सांगणं शक्य नव्हतं. आणि टाकी अजून भरायची होती.

“पुढचा टप्पा झाल्याशिवाय काही ठरवू नका, बाई,” मी म्हणाले आणि पंप सुरू करायला सांगितलं.

तिसरा टप्पा. टाकी पाऊण. अंगणवाडीची बाजू निळी. उत्तर निळी, दक्षिण निळी. मग पश्चिमेच्या जोडीचं चित्र उघडलं. निळ्यात एक पिवळी रेघ होती, उभी, वरपासून खालपर्यंत. मध्यभागी तिला लाली चढत होती.

मला वाटलं, चुन्याचा पापुद्रा राहिला. नाहीतर सावलीची कड. फोटो परत घेतले. रेघ तिथेच, उलट जराशी रुंद. सरांना फोन लावला.

“रेघ सरळ आहे का?” त्यांनी विचारलं.

“फुटपट्टीनं मारल्यासारखी.”

“सावली एवढी सरळ पडत नाही. तिथे पत्र्याचा जोड असणार.”

“सर, इथे जोडच नाही. आख्ख्या टाकीत हीच बाजू गुळगुळीत आहे.”

“अगं, पत्रा गोल केला की दोन टोकं कुठेतरी जुळतातच. जोड दिसत नाही म्हणजे कुणीतरी तो दिसू दिला नाही. पंप बंद कर. पाणी सोड. आणि तिथे खाली कुणी असेल तर हलव.”

मी फोन कानाला धरूनच पश्चिमेकडे बघितलं. खाली फक्त ग्रामपंचायत, ठेकेदार आणि शासन होतं.

“पंप बंद!” मी ओरडले. मग लॅपटॉप उचलून तीन खुर्च्यांसमोर गेले. आता वेळ घालवायचा नव्हता, पण एवढं सुख मी सोडणार नव्हते. “राजूभाऊ, हे बघा आणि लगेच उठा.”

“हे लाल काय आहे?”

“टाकी उघडायला लागलीये, ती जागा.”

“न् हा खाली गोल कशाचा?”

“ते तुमचं डोकं. ते निळं आहे. ते हललेलं नाही.”

मग ते हललं. मी पुष्कळ वस्तूंची हालचाल मोजलीये, इतकी झटपट कुठलीच नव्हती. राजूभाऊ एका खुर्चीवरून उठले आणि दुसरी पाडून गेले. जेई साहेब हातातल्या कपासकट शाळेच्या कुंपणापर्यंत पोचले. नामदेवभाऊ दहा पावलं धावले, थांबले, मागे वळून आपल्या खुर्चीकडे बघू लागले.

“भाऊ, राहू द्या!” सुनंदाबाई ओरडल्या. “जान हाय तं खुर्ची मिळन!”

नामदेवभाऊंनी विचार केला. खरंच केला, मला दिसला. मग खुर्ची सोडली.

तळाचा व्हॉल्व्ह उघडला. पाणी नालीतून शेताकडे गेलं. टाकी उतरली तशी रेघ लाल, पिवळी, मग पुसट झाली. पूर्ण निळी मात्र पुन्हा झाली नाही. म्हणजे पत्रा मूळ जागी परत आला नव्हता. हे आमच्या धंद्यात वाईट लक्षण.

टाकी रिकामी झाल्यावर जेई साहेब स्वतः शिडीवर चढले. रेघेच्या जागी किल्लीनं खरवडलं. रंग निघाला. रंगाखाली लांबी, गाडीचा पोचा बुजवायला गॅरेजवाले लावतात ती. बोटभर लांब पट्टा गळून पडला. खाली वेल्डिंगचा जोड होता, ग्राइंडर मारून पत्र्याच्या पातळीत आणलेला. वेल्डिंगचं मांस सगळं घासून नेलेलं, उरली होती फक्त साल.

“राजूभाऊ,” जेई साहेबांनी वरूनच विचारलं, “हे काय?”

राजूभाऊ कुंपणापासून जवळ यायला तयार नव्हते. तिथूनच बोलले. “साहेब, उद्घाटन होतं ना. पाटीच्या वरच जोड येऊन राह्यला होता. फोटोत वाईट दिसला असता. म्हणून घासून साफ करून देला.”

“आणि पलीकडचा फुगवटा?”

“त्या बाजूले फोटो नव्हता काढायचा.”

मला हसू आलं आणि संतापही आला, आणि दोन्ही एकाच वेळी तोंडावर दिसू नये म्हणून मी कॅमेरे काढायला लागले. बिचाऱ्या बेढब बाजूला कुणी हातच लावला नव्हता, म्हणून ती मजबूत राहिली. साहेबांसाठी नटवलेली बाजू तेवढी मरायला टेकली होती. आणि पश्चिमेचा जोड फाटून पाणी बाहेर उसळलं असतं, तर त्या धक्क्यानं चौथऱ्यावरून सगळी टाकी पूर्वेला कलंडली नसती याची खात्री मी देऊ शकत नाही, जेईही देऊ शकले नाहीत. म्हणजे सुनंदाबाईंनी बोट चुकीच्या जागेवर ठेवलं होतं, पण पाऊल बरोबर उचललं होतं.

जेई साहेबांनी तिथेच फोन केले. जोड कापून नवा पत्रा बसवून, पुन्हा मोजणी होईपर्यंत टाकी भरायची नाही. पाणी टँकरनं. अंगणवाडी तोवर इमारतीत भरवायची नाही, असा आता खात्याचाच आदेश. सुनंदाबाईंची ‘कारणे दाखवा’ रद्द. मोहाचं झाड कागदावर ‘पर्यायी सुरक्षित जागा’ झालं. महिनोन्‌महिने ओरडून जे झालं नाही, ते एका चहाच्या कपात झालं. टाकी तर पहिल्यापासून धोक्याची होती. खुर्ची तिच्याखाली आली, तेव्हा ती धोक्याची ठरली.

पंचायतीचं ऑफिसही दुरुस्तीपर्यंत बंद. त्या दुपारची ग्रामपंचायतीची बैठक कुठे घ्यायची? सावलीची एकच सुरक्षित जागा उरली होती. नामदेवभाऊ सदस्यांना घेऊन मोहाखाली आले. तिथे लेकरं खिचडीच्या ताटल्या घेऊन बसली होती.

सुनंदाबाई सरकल्या. “या भाऊ, बसा. इथी खुर्ची नाई, पण वरून काही पडत नाई. मोहफूल पडलं तं पडलं.”

पत्रकं मी त्यांनाच देऊन टाकली. मागची बाजू कोरी होती. लेकरांना चित्रं काढायला झाली. सरांना रिपोर्ट पाठवला, एकही उद्गारचिन्ह न घालता. त्यांचा उलट निरोप आला: ‘बरा आहे. पत्रकं किती छापली होतीस?’ त्यांना कसं कळलं, अजून समजलेलं नाही.

दुरुस्ती झाल्यावर पुन्हा मोजायला गेले. नवा जोड होता, जाड, खडबडीत, पाटीच्या बरोबर वर, कुणालाही दिसेल असा. मी निघताना फोनवर नामदेवभाऊंना बजावलं होतं, “भाऊ, चुना मारायचा नाही.” ते म्हणाले होते, “नाई मारत मॅडम. आता समजलं आम्हाले.”

चुना नव्हता. गावच्या वेशीपासून रस्त्याकडेच्या दगडांवर काळे ठिपके होते. झाडांच्या बुंध्यांवर ठिपके होते. शाळेचं कुंपण चितळासारखं झालं होतं. टाकीवर तर सुंदर, दाट, बेशिस्त सडा पडला होता, आणि तेवढाच कामाचा होता. बाकीचा माझ्या स्वागताचा.

मोजणी झाली. चारही बाजू निळ्या. टाकी काठोकाठ भरली तरी निळ्या. त्यानंतरच्या सोमवारी अंगणवाडी इमारतीत भरली.

तेव्हा ज्यांना गावात टाकी, पूल किंवा कुठलीही गोल वस्तू बांधून घ्यायची आहे, त्यांनी एवढंच करावं. ती सगळीकडून बघावी, फोटोच्या बाजूनं जरा जास्तच बघावी. आणि पहिल्यांदा भरताना उद्घाटनाच्या पाहुण्यांना तिच्या सावलीत बसवावं. बांधकाम आपोआप सुधारतं.

नामदेवभाऊंनी या दुसऱ्या मोजणीच्या दिवशी आपली फिरती खुर्ची स्वतः उचलून आणली होती. टॉवेल झटकला, जागा शोधली आणि बसले. थेट बस स्टॉपवर, गावाच्या पलीकडच्या टोकाला.